जवळची सुईण

एका जंगलात एक सपाट दगड होता. आता दगड कुठल्या जंगलात नसतात? पण या दगडावर त्या अख्ख्या जंगलाचं चित्र काढलेलं होतं. ओढे, टेकड्या, पाणवठे, बिळं, घरटी, सगळं कावेनं रेखलेलं. चित्र फार सुरेख होतं. चित्राबद्दल कुणाची तक्रार नव्हती, बाळांनो. हे आधीच सांगून ठेवतो.

त्या दगडापाशी एक करकोचा बसे. त्याला सगळे कारभारी म्हणत. कुणाला काही शोधायचं असलं की दगडाशी यायचं, आपण उभे आहोत त्या जागी चित्रावर पंजा ठेवायचा आणि काय हवं ते कारभाऱ्याच्या कानात सांगायचं. उत्तर सापडलं की कारभारी चित्रावर बरोबर जागी गुंजेचा लाल दाणा ठेवायचा. दाणा जिथं, तिथं आपलं काम.

विचारणारे सगळे दगडापाशीच उभे असायचे. त्यामुळं चित्रातल्या दगडावरची काव पंजे ठेवून ठेवून पार झिजली होती. पण पंजा ठेवल्याशिवाय कारभारी कान पुढं करत नसे.

आणि विचारायचं ते कानातच. मोठ्यानं विचारायला बंदी होती. सिंहमहाराजांचा तसा हुकूमच होता. मोठ्यानं विचारलं तर कुणीही उत्तर देतो. कुणीही उत्तर देऊ लागला, तर हे शोधाचं खातं कशाला ठेवायचं? तुम्हीच सांगा.

शोध घ्यायची रीत अशी. सशांनी वेलीचा दोर घेऊन निघायचं. जंगलात जो सगळ्यात आधी राहायला आला, त्याच्यापासून सुरुवात करायची आणि सगळ्यात शेवटी आला त्याच्यापाशी थांबायचं. प्रत्येकाचं दगडापासूनचं अंतर मोजायचं. अंतर मोजून झालं की मग विचारायचं, "तू अमुक आहेस का?" सगळ्यांचं झालं की त्यातला जवळचा निवडायचा.

जंगल लहान होतं तोवर हे झकास चाललं. ससे गेले की आलेच. पुढं जंगल वाढलं. झाडावर झाड आलं, बिळात बीळ आलं. रीत मात्र तीच राहिली. चांगली रीत कोण मोडतो?

एके दिवशी चिमाजी साळिंदर धापा टाकत दगडाशी आला. त्याची बायको साळू बिळात कळा देत होती. पहिलंच बाळंतपण. त्यातून साळिंदराचं बाळंतपण म्हणजे नाजूक काम, बाळांनो. काट्यांचा मामला.

चिमाजीनं पंजा ठेवला. कारभाऱ्याच्या कानात म्हणाला, "जवळची सुईण कुठं आहे हो? लवकर सांगा, देवासारखे भेटलात."

"बसा. आत्ता सांगतो," कारभारी म्हणाला आणि त्यानं ससे सोडले.

चिमाजी बसला. बसणाऱ्याला काहीतरी चाललंय असं वाटावं म्हणून खात्यानं एक शेणकिडा नेमला होता. तो आपली गोळी घेऊन दगडाभोवती गोल गोल फिरायचा. चिमाजी त्याच्याकडं बघत बसला.

थोड्या वेळानं त्याच्या मागं ठकूबाई घोरपड येऊन उभी राहिली. काखेत गाठोडं. ठकूबाईसारखी सुईण त्या जंगलात दुसरी नव्हती. हाताची पकड अशी, की आडवं आलेलं पोर सरळ होऊन नमस्कार करत बाहेर यायचं. बरेच दिवस तिला काम नव्हतं. आज जवळपास बाळंतीण कुठं आहे, हे विचारायला ती आली होती.

हसू नका. आणि चिमाजीला सांगूही नका. रांगेत सांगायला बंदी आहे.

"अहो, काटे आवरा की," ठकूबाई म्हणाली. "रांगेत उभं राहायचंय का तुमच्या अंगावर टांगून घ्यायचंय?"

"माफ करा बाई. जीव थाऱ्यावर नाही."

"का हो? घरी कुणी..."

कारभाऱ्यानं दगडावर चोच आपटली. "रांगेत चौकशी चालणार नाही!"

शेणकिडा फिरत राहिला.

तेवढ्यात सिंहमहाराज फिरत फिरत आले. रांग पार ओढ्यापलीकडं गेलेली. महाराजांनी माकडाला बोलावलं. माकड परदेशी जंगलात राहून आलेलं होतं, म्हणून जाणकार.

माकडानं रांग बघितली, ससे बघितले. म्हणालं, "ससे हळू आहेत, महाराज. चित्ता ठेवा."

चित्ता आला. काय पळाला म्हणून सांगू! चार जनावरांपर्यंत वाऱ्यासारखा गेला आणि पाचव्याच्या दारात आडवा होऊन लागला धापा टाकायला. त्याला उचलून आणायला सहा ससे गेले.

मग माकड म्हणालं, दोर जाड आहे. बारीक दोर आणला. तो मगरीपाशी अडला. मगर नदीत, आणि नियमाप्रमाणं नदीचं प्रत्येक वळण मोजायचं. माकड म्हणालं, मग काल कुणाला दिलेलं उत्तर आज यांना द्या, तयारच आहे. काल अस्वलाला मधाचं पोळं सांगितलं होतं. चिमाजीला मधाचं पोळं सांगितलं.

"अहो, मी सुई..."

"कानात!" कारभारी ओरडला.

एवढ्यात झाडं मोडत म्हातारी हत्तीण आली. अंगाला दोर गुंडाळलेला, दोराला एक ससा लोंबतोय.

"कारभारी, हे काय चालवलंय?" ती कडाडली. "सकाळपासून मला कितीदा मोजलंत? दोर बांधता, अंतर घेता, आणि मग हे कार्टं विचारतं, तू सुईण आहेस का! मी सुईण दिसते? माझा पाय बघ. या पायाखाली पोर देशील?"

"आजी, आधी अंतर, मग चौकशी. तशी रीत आहे."

"आधी चौकशी कर आणि मग मोज ना, बाबा! आणि ही पोरं दरवेळी माझ्यापासून का सुरू करतात? मी डोंगरापलीकडं राहते. विचारणारा इथं उभा. चित्र काढून ठेवलंय एवढं, त्याचे चौकोन पाडा. विचारणाऱ्याचा चौकोन आधी बघा. तिथं नाही मिळालं तर शेजारचा. डोंगरापलीकडं कशाला मरायला यायचं?"

महाराजांनी माकडाकडं बघितलं. माकड म्हणालं, "मी हेच म्हणणार होतो."

कारभाऱ्यानं चौकोन पाडले. चिमाजीच्या चौकोनात होतं कोण? एक तो स्वतः, आणि दुसरी मागं उभी असलेली ठकूबाई.

"तुम्ही सुईण आहात?" कारभाऱ्यानं विचारलं.

"नाही हो!" चिमाजी रडकुंडीला आला.

"बाई, तुम्ही?"

"आहे की," ठकूबाई म्हणाली. "का?"

पुढचं काही बोलायला थांबतंय कोण! चिमाजी पुढं, ठकूबाई मागं, दोघं बिळाकडं धावत सुटली. साळूचा घाम पुसायलाही वेळ नव्हता, अशा नेमक्या वेळी पोचली. पहिलं पोर आडवंच होतं. ठकूबाईनं सरळ केलं. तीन पोरं झाली. मऊ मऊ काट्यांची. साळू हसली, आणि चिमाजी इतका फुलला की ठकूबाईला बाहेरच निघता येईना.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण खातं अजून होतं.

महाराजांनी कारभाऱ्याला विचारलं, "किती जणांना विचारलंत?"

"दोघांना, महाराज."

"दोघांना?" महाराजांच्या मिशा उभ्या राहिल्या. "जंगलात एवढी जनावरं, आणि तुम्ही दोघांना विचारून मोकळे? रांगेतल्या बाईपेक्षा जवळ कुणी नसेल कशावरून? हत्तीणीची रीत चांगली आहे, ती चालू ठेवा. पण त्या रीतीनं आलेलं प्रत्येक उत्तर जुन्या रीतीनं तपासून घ्या."

ससे पुन्हा निघाले. पहिल्या दारापासून. हत्तीण घर बदलून गेली होती, म्हणून तिला आधी शोधावं लागलं.

इकडं साळूची पोरं रांगायला लागली, मग कंदमुळं उकरायला लागली. त्यांचे काटे चांगले टोचण्याइतके कडक झाले. तेव्हा एक ससा धापा टाकत बिळाच्या तोंडाशी आला. पोरांना चुकवत उभा राहिला आणि म्हणाला, "खात्याचा निरोप आहे. तुमची जवळची सुईण म्हणजे ठकूबाई घोरपड. पूर्ण खात्री केली आहे. आता बोलवायला हरकत नाही."

साळू म्हणाली, "आता कशाला रे?"

पण चिमाजीनं मोठा श्वास सोडला. "असं कसं, साळू? इतके दिवस माझ्या मनाला लागून राहिलं होतं. त्या दिवशी आपण घाईत कुणालाही आणलं की काय!"

त्या दिवसापासून चिमाजीला पोटभर झोप लागू लागली.

तात्पर्य : जवळचं हवं असेल तर शोध नेहमी लांबून सुरू करावा. पाठीशी उभं असलेलं उत्तर बरोबर असतं खरं, पण त्यानं फक्त पोरं जन्माला येतात. कुणाची खात्री पटत नाही.