बॅग कोणी भरली?

नयनला परीक्षेसाठी घरून एक भरलेली बॅग न्यायची होती. गोष्ट एवढीच होती. पण ती मानपाड्याला काळुराम मढवींच्या घरात घडली, आणि त्या घरात कुठलीही गोष्ट एवढीच राहत नाही.

नयन काळुरामची एकुलती एक मुलगी. बी.कॉम. झाल्यावर तिने ठाण्याला, खोपटच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये विमानतळावरच्या सामान-तपासणीचा कोर्स घेतला होता. एक्स-रे मशीनमधून बॅग जाते, पडद्यावर तिचं पोट दिसतं आणि त्यात नको ते काही आहे का, हे काही सेकंदांत ओळखायचं. लेखी परीक्षा ती झटक्यात पास झाली होती. प्रॅक्टिकलला मात्र एकदा घसरली होती आणि उद्याची संधी शेवटची होती. पास झाली तर विमानतळ, नाही तर घर.

घरची अडचण काहीच नव्हती. काळुरामच्या भातशेतीत आता भाताऐवजी दोन बिल्डिंगा उगवल्या होत्या. अडचण होती ती काळुरामच्या अभिमानाची. कोर्सला प्रवेश मिळाला त्याच दिवसापासून तो गावभर सांगत होता, "पोरगी एअरपोर्टला असते." पहिल्यांदा ती नापास झाली तेव्हा त्याने परीक्षा पुढे ढकलली गेल्याचं जाहीर केलं होतं. आता आणखी पुढे ढकलायला जागा नव्हती.

सरांनी सांगितल्याप्रमाणे नयनने रात्री बॅग भरली. दोन ड्रेस, एक टॉवेल, टूथब्रश आणि पुस्तक. सकाळी ती आंघोळीला गेली आणि काळुरामच्या मोठ्या बहिणीने, आवडाबाईने, बॅगेची चेन उघडली.

"काळू, इकरं ये! यो टावेल बघ. भोक परलाय याला. यो टीव्हीवर दिसंल?"

"टीव्ही नाय गं आक्का, मशीन आहे."

"परद्यावर दिसतंय ना? चार लोक बघतात ना? मंग? काळूच्या घरान धड टावेल नाय, असा बोलतील लोक!"

काळुराम विचारात पडला. मुद्दा बिनतोड होता. मढवींच्या घराचं पोट ठाण्यात उघडं पडणार, आणि त्यात काय, तर टूथब्रश!

टॉवेल गेला, त्या जागी पैठणी आली. पैठणीबरोबर, बैलगाडा शर्यतीत मिळालेली हातभर लांबीची पितळी गदा आली; ती पडद्यावर नाही दिसायची तर काय दिसायचं? आवडाबाईने सरांसाठी सुके बोंबील आणि खोबऱ्याच्या वाट्या घातल्या, कारण गुरूकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. मग नारळही आला.

"आता कोयता पण घाल," आवडाबाई म्हणाली. "मास्तर काय दातानं फोरंल?"

नयनची आई दर्शना हिने देवाचं म्हणून उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी खोचली. बॅग दुसऱ्या कुणाच्या बॅगेत मिसळू नये म्हणून काळुरामने सर्जा बैलाच्या कासऱ्याचा लाल गोंडा हँडलला बांधला आणि ती गाडीच्या डिकीत ठेवून दिली. नयनला उशीर झाला होता. तिने काही पाहिलं नाही. सोडायला काळुराम आणि आवडाबाई दोघंही निघाले.

खोपटला पोचल्यावर बॅगा आत गेल्या आणि मुलं बाहेरच्या खोलीत. घरच्यांना प्रवेश नव्हता. पण काळुरामने पेढ्यांचा बॉक्स काढला आणि आवडाबाईने थेट खुर्ची काढली. साईनाथ सर सुरक्षा दलातून निवृत्त झालेले, मिशीवाले. ते म्हणाले, "बसा. पण तोंडातून शब्द नको."

नयनची पाळी आली. पडद्यावर इन्स्टिट्यूटच्या सरावाची एकेक बॅग सरकू लागली. कपडे-खाणं नारिंगी, धातू निळा. ती चटचट सांगत होती, "जाऊ द्या. जाऊ द्या. लायटर, थांबवा. जाऊ द्या."

मग पट्ट्यावर लाल गोंडा दिसला.

काळुराम ताठ बसला. पडदा भरून आला. मधोमध निळीशार गदा, तिच्या शेजारी कोयत्याची कोर, भोवती नारिंगी ढीग.

"आपली गदा!" तो आवडाबाईच्या कानात म्हणाला.

"बोंबील बघ कसं दिसतान," आवडाबाई भारावून म्हणाली.

नयनने गोंड्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा गोंड्याकडे. काळुरामने मान हलवली, म्हणजे जाऊ दे, आपलीच आहे.

"थांबवा," नयन म्हणाली. "ही बॅग कोणाची?"

खरं तर प्रवाशाचं काम इन्स्टिट्यूटचा शिपाई करायचा. तो उठायच्या आत काळुराम उभा राहिला होता.

"आपलं नाव?"

"अगं नयन, मी..."

"नाव सांगा, सर."

"काळुराम बाळाराम मढवी," तो म्हणाला आणि उगाचच सावधान झाला.

"बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?"

बहिणीचं नाव घ्यावं तर तिची अब्रू, माहीत नाही म्हणावं तर घराची. "म्हणजे काय! मीच. माझ्या हातानं."

"ठेवायला कोणी काही दिलं होतं?"

"कोण देणार? आमच्याकडं सगळं घरचंच."

नयनने हातमोजे चढवले. गदा निघाली. कोयता, काडेपेटी, उदबत्ती निघाली. खोबरं निघालं; ते पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही, असं तिने शांतपणे सांगितलं, तेव्हा आवडाबाईचा चेहरा पडला. आणि पैठणीची घडी तिने बोटाने जराशी उचलली, तर आत साबणासारखी एक वडी, तिच्याभोवती वायरी आणि वर चिकटपट्टीने बांधलेलं मनगटी घड्याळ.

"हे पण तुम्हीच भरलंत, सर?"

काळुरामने वाकून बॅगेत पाहिलं.

"काळू!" आवडाबाई ओरडली. "यो कवा भरलास रं?"

"मी नाय भरला! आक्का, तू?"

"मी खोबरा भरला! बॉम कला भरीन मी?"

"मग मघाशी खोटं बोललात," नयन म्हणाली. "दोन पावलं मागे व्हा. बॅगेला हात लावू नका. ताई, तुम्हीही."

आपल्या सख्ख्या भाचीने आपल्याला ताई म्हटलेलं ऐकून आवडाबाई मागे सरकली. काळुरामही सरकला. मानपाड्यात त्याला मागे सरकायला सांगणारं शेवटचं कोणी म्हणजे रस्तारुंदीचं खातं होतं, आणि त्यांनाही ते लेखी कळवावं लागलं होतं.

साईनाथ सरांनी टाळी वाजवली.

"घाबरू नका. ती खोटी वस्तू आहे, मीच सकाळी ठेवली. बाराही जणांच्या, ज्याच्या त्याच्या घरच्या बॅगेत. परक्याची बॅग माणूस डोळे फाडून बघतो आणि घरची दिसली की हसून पुढे सोडतो. आधीचे अकराही जण हसले." मग ते जरा खाकरले. "तुमच्या बॅगेत वस्तू ठेवायला मला जागा मात्र शोधावी लागली."

"तुला कळलं नव्हतं ना, आपली बॅग आहे ते?" काळुरामने हळूच विचारलं.

"बाबा, सर्जाचा गोंडा मी ओळखणार नाही? कळलं म्हणूनच थांबवली. मी भरली तेव्हा तिच्यात टॉवेल होता."

काळुरामने पेढा उचलला, मुलीसमोर धरला, मग थबकला आणि विचारलं, "घेणार का, मॅडम?"

नयनने आधी हातमोजे काढले.

बारा जणांत पास झालेली ती एकटीच. काळुरामने सरांकडून त्या एक्स-रेची छापील प्रत मागून घेतली. दिवाणखान्यात, शर्यतीच्या ढालींच्या बरोबर मधोमध, ती आता सोनेरी फ्रेममध्ये लावलेली आहे. आलेला पाहुणा चहा हातात घेऊन बराच वेळ त्या निळ्या-नारिंगी चित्राकडे बघतो आणि शेवटी विचारतो, हे काय आहे?

काळुराम काठी घेऊन उठतो.

"ही गदा. हा कोयता. हे आक्काचं खोबरं," तो सांगतो. "मधला तो बॉम्ब. बाकी सगळं घरचंच."