पाच मिनिटांचा नियम

संस्थेत त्यांना सगळे माशीबाई म्हणत. फळमाशीच्या मेंदूतलं नेमकं कोणतं प्रथिन वाढलं की तिला झोप लागते, हे शोधण्यात बाईंची अकरा वर्षं गेली होती. माशी काही घोरत नाही. म्हणून नियम असा, की काचेच्या नळीत ती सलग पाच मिनिटं हलली नाही तर यंत्राने तिला झोपलेली धरायचं.

नवे संचालक प्रयोगशाळा बघायला आले आणि या नियमावर बेहद्द खूश झाले.

"बाई, माशांसाठी एवढी सोय, आणि कर्मचाऱ्यांसाठी काहीच नाही?"

महिन्याभरात प्रत्येकाच्या गळ्यातल्या ओळखपत्रात यंत्र बसलं. परिपत्रक निघालं: सलग पाच मिनिटे हालचाल न आढळल्यास सदर कर्मचारी निद्रिस्त समजण्यात येईल.

पहिल्या आठवड्याचा तक्ता लागला. आवक-जावकचा कारकून रिकामी फाइल काखेत मारून दिवसभर येरझाऱ्या घालायचा. तो शंभर टक्के जागा ठरला. माशीबाई सूक्ष्मदर्शकाखाली खसखशीएवढे मेंदू श्वास रोखून सोलत बसायच्या. त्या रोज सहा तास झोपलेल्या निघाल्या.

"अहो साहेब, मी हलले तर मेंदू फाटतो!"

"झोपेत माणूस बरळतो, मी मनावर घेत नाही," संचालक मायेने म्हणाले. "पण पुढचा आठवडाही असाच गेला, तर प्रयोगशाळेला कुलूप."

अकरा वर्षं पाण्यात जाणार, हे बाईंना दिसलं. त्या दर चार मिनिटांनी उठून टेबलाभोवती फेरी मारू लागल्या. मेंदू फाटू लागले, तेव्हा मेंदू काढणंच त्यांनी सोडलं. नळ्यांमधलं खाणं बदलायलाही बसावं लागे, म्हणून तेही राहिलं. शेवटी त्यांनी कारकुनाकडून एक रिकामी फाइल मागून घेतली.

प्रयोगशाळा वाचली. माशांच्या यंत्राने तर विक्रम नोंदवला: सर्व माशा, चोवीस तास, गाढ झोप. वार्षिक अहवालात ते संस्थेचं मोठं यश ठरलं आणि बाईंचा सत्कार झाला.

"बाई, मेल्यात हो त्या," कारकून व्यासपीठावर कुजबुजला.

बाईंना रडू फुटलं. "माहितीये मला," मानपत्र छातीशी धरून, जागच्या जागी पाय आपटत त्या म्हणाल्या. "तुम्ही थांबू नका, हलत राहा."

सभागृह पोट धरून हसलं असतं, पण तिथवर हे ऐकू गेलं नाही. तुम्हाला ऐकू गेलं. तुम्ही हसलातही असाल, पण जागचे हलला नाहीत. तेव्हा तक्त्यात तुमची नोंद कशी होणार, हे वेगळं सांगायला नको.