परीक्षक आबा कोळपे

त्या उन्हाळ्यात शिरूरमध्ये आबा कोळप्यांना ‘बरं हाय का?’ असं विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं की आबा जागच्या जागी थांबत, मनगटावरच्या घड्याळात बघत आणि बरोबर दोन मिनिटं उत्तर देत. सुरुवात गुडघ्यांपासून होई. मग रात्रीची झोप, विहिरीचं पाणी, शेजारच्या बांधावरची बोर. दोन मिनिटं भरली की वाक्य अर्धवट असलं तरी तोडत आणि म्हणत, “झाली. आता तुम्ही बोला.”

ही दुसरी अट जास्त जड होती. आपल्या मुलखात ‘चाललंय’ या एका शब्दावर माणसं वर्षानुवर्षं काढतात. आबांना आता ते चालत नव्हतं. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांनी विचारलं, “दौंड गाडी कवाची?”

“साडेदहा,” कंट्रोलर म्हणाला.

आबा हलले नाहीत. “आन् मग?”

“मग काय? साडेदहाला सुटती.”

“कुठनं येती, उशीर का हुतो, वाटंत कुठं थांबती, समदं सांगा. एका शब्दाचं उत्तर धरत न्हाईत.”

कंट्रोलरनं सगळं सांगितलं. मागं रांग वाढत होती आणि आबा खिडकी सोडत नव्हते. सांगून झाल्यावर आबा त्याला म्हणाले, “सहा वेळा थांबलात. एरवी चांगलं बोललात.”

त्यांचा एकूण निष्कर्ष असा होता, की तालुक्यात कुणालाही दोन मिनिटं सलग बोलता येत नाही. पुढाऱ्यांना येतं, पण त्यांना दोन मिनिटांनी थांबता येत नाही.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाचा शिरूरचा बातमीदार होतो. घोड नदीच्या अंगाला माझी भाड्याची खोली होती आणि बांधापलीकडं आबांचं घर. आबा सत्तरीचे. अर्धा जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेला. पुढं पाणी आलं, जमीन बागायत झाली, मेंढरं विकली. चार ठेवली ती सवयीपुरती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नवनाथ कुरकुंभला औषधांच्या कारखान्यात शिफ्टला होता. तो तिकडंच खोली घेऊन राही आणि सुट्टीला घरी येई. एरवी घरात आबा, सून रेखा आणि वाघ्या नावाचा कुत्रा.

वाघ्याचं नाव घेतलं ते उगाच नाही. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे आणि सासराही सुनेचं नाव घेऊन हाक मारत नसे. पण घर तर चालायला हवं. त्यामुळं आबा अंगणातून कुत्र्याला सांगत, “वाघ्या, म्हणावं, च्या टाका.” आतून उत्तर येई, “वाघ्या, सांग, दूध नासलंय, कोरा चालंल का?” तीन वर्षं त्या घरातला सगळा कारभार या कुत्र्यामार्फत चालला होता आणि त्यात कधी गैरसमज झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हीच रेखा शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर होती. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत गँगमन, शाळा मिशनची. वॉर्डात तिचा आवाज तीन खोल्या पलीकडं जाई. पेशंटचे नातेवाईक तिला वचकून असत. डॉक्टरांशी फोनवर इंग्रजीत बोलताना मी तिला स्वतः ऐकलं होतं. त्या काळात विलायतेतल्या दवाखान्यांना नर्स हव्या होत्या आणि रेखाला जायचं होतं. त्यासाठी इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागे. ऐकणं, वाचणं, लिहिणं यांत तिला भरपूर गुण मिळाले. बोलण्यात पाच पडले. लागत होते सात. पुन्हा दिली, पुन्हा पाच.

पुण्याच्या क्लासवाल्यानं सांगितलं, आत्मविश्वास कमी आहे. आबांनी वाघ्यामार्फत कसून चौकशी केली, तेव्हा वेगळंच निघालं. दोन्ही वेळा समोर परीक्षक म्हणून पिकल्या केसांचा साहेब आला होता. तो आत येताच रेखा उठून उभी राहिली. बसायला सांगितल्यावर पदर डोक्यावरून घेतला. मग टेबलाकडं बघत ‘येस सर’, ‘नो सर’ एवढंच बोलली. ती पुढं काही बोलेल म्हणून साहेब वाट बघत होता. ती मोठ्या माणसासमोर जास्त बोलू नये म्हणून गप्प होती.

आबा माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, “इंग्रजीत नापास न्हाई झाली ती. सासऱ्यात नापास झाली.”

“मग काय करायचं?”

“सासरा मीच हाय. मलाच बसाया लागंल. तुमचं पोट प्रश्न इचारण्यावर चालतंय. मला प्रश्न लिहून द्या.”

मी विचारलं, “आबा, तुम्हाला इंग्रजी कुठं येतं?”

“मेंढरू लंगडतंय का न्हाई त्ये बघाया मेंढराची भाषा यावी लागती व्हय?”

परीक्षेत एका विषयावर दोन मिनिटं सलग बोलावं लागे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी तीसेक विषय लिहून दिले: तुमचं गाव, आवडती भाजी, लक्षात राहिलेला प्रवास, असे. आबांसाठी एक इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहिलं. ‘व्हॉट इज युवर फुल नेम?’ आबांनी ते मेंढरांपुढं दोन दिवस घोकलं.

सराव दुपारी चारला, दवाखान्यातून रेखा आल्यावर, अंगणात ठरला. समोरासमोर दोन लोखंडी खुर्च्या. आबांनी नवनाथच्या लग्नातला लोकरी कोट चढवला. एप्रिल महिना होता. मी म्हणालो, कोट नसला तरी चालेल. आबा म्हणाले, “साहेब कोटात हुता का न्हाई?” विषय संपला.

पहिला दिवस पहिल्या प्रश्नावरच आटोपला. पूर्ण नाव सांगायचं म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आलं, आणि तेही सासऱ्याच्या तोंडावर. रेखा ‘माय नेम इज रेखा’ म्हणाली आणि तिथंच उभी राहिली. आबांनी प्रश्न पुन्हा विचारला. तिनं वाघ्याकडं बघितलं. वाघ्या उठून गोठ्यामागं गेला. शेवटी तिसऱ्या दिवशी ती एका दमात ‘रेखा नवनाथ कोळपे’ म्हणाली आणि घरात पळाली. आबांनी घड्याळ बघून मला सांगितलं, “आज चार सेकंद बोलली. सुरुवात झाली.”

‘उभी राहिली’ हे मी शब्दशः लिहिलं आहे. सासऱ्याच्या बरोबरीनं खुर्चीवर बसायला ती तयार नव्हती. आबा म्हणाले, परीक्षेत उभं राहून बोललीस तर साहेबाला वाटेल निघाली. पाचव्या दिवशी ती खुर्चीच्या कडेला टेकली. दहाव्या दिवशी पदर डोक्यावरून खांद्यावर आला. मी बघितलं, त्या दोघांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि दोघांनीही बोलायचं टाळलं.

गुण द्यायची आबांची पद्धत साधी होती. कळपाची मोजदाद करताना खडे टाकतात, तसा ती अडखळली की एक खडा टाकायचा. पहिल्या आठवड्यात वीस-वीस खडे पडत. ती थांबली की आबा मराठीतच म्हणत, “आन् मग?” मी सुचवलं, की साहेब असं म्हणणार नाही. “तोंडानं न्हाई म्हणणार,” आबा म्हणाले, “मनात त्योच प्रश्न असणार.”

मे महिना संपेपर्यंत खडे तीन-चारावर आले. रेखा हात हलवून बोलायला लागली. विहीर या विषयावर तर ती असं बोलली, की दोन मिनिटं झाल्यावरही आबांना ‘थांब’ म्हणवेना. आबांना त्यातलं काही कळत नव्हतं. तरी ते पुढं वाकून, हनुवटी मुठीवर ठेवून ऐकत. गावात मात्र लोक त्यांना टाळू लागले होते, कारण आबा आता अनोळखी माणसाचेही खडे मोजत.

एक गोष्ट मला सुरुवातीपासून कळत नव्हती. सात गुण मिळाले की सून जाणार होती आणि कागदपत्रं झाली की मागोमाग मुलगा. नाही मिळाले तर सगळे जिथल्या तिथं. आबांचं हित कशात आहे हे सरळ दिसत होतं आणि आबा रोज चार वाजता कोट घालून त्याच्या उलट बाजूला बसत होते. मी एकदा तसं विचारलं. आबा म्हणाले, “एवढी शाळा ती वाघ्याशी बोलाया न्हाई शिकली.” तिच्या गुणांविषयी त्यांनी केलेलं एवढं एकच विधान माझ्या वहीत आहे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी अंगणात बसलो होतो. आबांनी गठ्ठ्यातून एक पत्रिका ओढून तिच्या हातात दिली. विषय होता, तुमच्या ओळखीची वयस्कर व्यक्ती. रेखानं मिनिटभर विचार केला आणि अडखळत इंग्रजीत बोलायला लागली.

ती म्हणाली, ही व्यक्ती पहाटे चारला उठते. वाढलं तर जेवते, मागून घेत नाही. हिवाळ्यात तीन दिवस अंगात ताप होता, तो कुणाला सांगितला नाही. इथं ती थांबली. खडा पडला. तिनं पुन्हा सुरुवात केली. या व्यक्तीला वाटतं मी जावं. मी गेले तर तिचं कोण बघेल, हे मी विचारू शकत नाही, कारण आमच्यात असं विचारत नाहीत. पुन्हा खडा. मला कधीकधी वाटतं, आपण नापास व्हावं. खडा. मग ती नुसतीच बसून राहिली आणि आबा घड्याळाकडं बघत म्हणाले, “आन् मग?”

“दॅट इज ऑल,” रेखा म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

आबांनी खडे मोजले. अकरा होते. “इशय काय हुता?” त्यांनी मला विचारलं.

“ओळखीचं म्हातारं माणूस.”

“कोण घेतलं तिनं?”

मी म्हणालो, “दवाखान्यातला एक पेशंट.”

आबा म्हणाले, “पेशंटला ‘आबा’ म्हणत्यात व्हय? दोनदा म्हणाली.”

आबांनी रेखाच्या खुर्चीवर राहिलेली ती पत्रिका उचलून कोटाच्या आतल्या खिशात घातली. “ह्यो इशय बंद. हितं लंगडती ती.”

“आणि परीक्षेत नेमका हाच आला तर?”

आबांनी कोटाचं बटण लावलं. “तिला सांगा, दौंडच्या बापावर बोल. बापाला सोडून ती एकदा आलीच हाय. तिथं आता आडायचं कारण न्हाई.”

हा निरोप मी रेखाला पोचवला. तो कुणाचा आहे हे सांगितलं नाही, पण तिनं विचारलंही नाही.

परीक्षा झाली. निकाल यायला दोन आठवडे होते. आबांनी सराव मोडला नाही. नापास झाली तर पुन्हा बसायचंय, म्हणाले. त्यामुळं निकाल आला त्या दिवशीही चार वाजता आबा खुर्चीवर होते आणि मी त्यांच्याशेजारी बाजेवर. रेखा दवाखान्यातून आली, समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “आबा, सात पडले.”

“लागत्यात किती?”

“सातच.”

“मग झालं.”

गठ्ठा आबांच्या मांडीवर तसाच होता. थोड्या वेळानं त्यांनी तो खाली ठेवला. रेखा उठली नाही.

“आज इशय न्हाई का?” तिनं विचारलं.

“आता कशाला इशय? काय बोलायचं आसंल तर मराठीत बोल. मला समजंल आसं.”

रेखानं हातातल्या निकालाच्या कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग सासऱ्याच्या तोंडाकडं बघून विचारलं, “मी गेल्यावर तुम्हाला जेवाया कोण वाढणार?”

आबा पहिल्यांदा खाली बघत बोलले. “मेंढरामागं हुतो तवापासनं एकट्यानं जेवायची सवय हुती मला. तुझी सासू गेल्यावर तर हुतीच. ती तू मोडलीस. आता पुन्हा लावायची, एवढंच.”

मी बाजेवरून उठलो. एरवी आबा ‘बसा’ म्हणत. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.