ओकुमा गुरुजींचा दहावा

पुंजाबाबांनी ठरवलं होतं ते अगदी लहानसं. एक दहावा घालायचा. तोही गपचूप. घरात कुणाला सांगायचं नाही, भावकीत निरोप धाडायचा नाही. मेलेला माणूस नात्यातला नव्हता, गावातला नव्हता, आणि आता लपवून काय करायचं, तो माणूसच नव्हता. टीव्हीवर दुपारी चारला लागणाऱ्या जपानी कार्टूनमधला तो म्हातारा गुरुजी होता.

हसू नका. आधी ऐकून घ्या.

साल दोन हजार चार. सटाण्याकडची शेती पुतण्याला कसायला देऊन पुंजाबाबा आणि बयाबाई नाशकात, सिडकोत, लेकाकडे राहायला आले त्याला दीड वर्ष झालं होतं. लेक गोरक्ष सातपूरला कंपनीत. सून संध्या शिवणाच्या क्लासवर. नात रोशनी कॉम्प्युटरच्या क्लासला. दुपारचं घर म्हणजे पेरणीआधीचं शेत, नुसतं मोकळं. बयाबाई लसूण सोलायच्या आणि बाबा बसून बयाबाईंकडे बघायचे. आल्यावर चौथ्या दिवशी बयाबाई म्हणाल्या, "माझ्याकडं नका बघू, त्या टीव्हीकडं बघा." तिथून सुरुवात झाली.

रिमोटचं एकच बटण बाबांना जमलं. ते दाबलं की ते कार्टून लागायचं, हिंदीत बोलणारं. निळ्या केसांचा एक अनाथ पोरगा. आई नाही, बाप नाही, गाव त्याला पाणी विचारत नाही, आणि हा डोंगरावर उभा राहून ओरडतो की मी जगातला सगळ्यात मोठा योद्धा होणार.

"आधी केस विंचर म्हणावं," बयाबाई म्हणाल्या.

बाबांना पहिल्या दिवसापासून राग आला. तरुणपणी त्यांनी यात्रांमधून कुस्त्या मारल्या होत्या, त्यामुळे त्यांना मारामारीतलं कळत होतं. हा पोरगा ठोसा मारायच्या आधी ठोशाचं नाव ओरडून सांगायचा. "अरे येड्या, सांगून कोण मारतं?" बाबा टीव्हीला विचारायचे. बरं, समोरचाही तसलाच. तो नाव संपेपर्यंत शहाण्यासारखा थांबायचा! सोमवारी पोरानं मारलेली उडी गुरुवारी खाली यायची. मधल्या दोन दिवसांत दुश्मन आपलं लहानपण सांगायचा. (प्रत्येक दुश्मनाचं लहानपण वाईटच गेलेलं. बाबांचंही वाईट गेलं होतं, पण त्यांनी त्यासाठी कुणाचं गाव जाळलं नव्हतं.) आणि इतकं सगळं होऊन हरलेला दुश्मन पुढच्या आठवड्यात त्याच पोराच्या मांडीला मांडी लावून शेवया खायला हजर. "काल याचं मुंडकं उडवत होता की रं!" बाबा संतापून मांडीवर थाप मारायचे, आणि दुसऱ्या दिवशी पावणेचारला पुन्हा टीव्हीसमोर.

कारण पोरगा उठायचा. हेच खरं. सात वेळा पडायचा, तोंड फुटायचं, सगळे म्हणायचे संपला, आणि हा आठव्यांदा उठायचा. तो उठला की बाबाही नकळत पलंगावरून अर्धे उठायचे.

आणि दुसरं कारण म्हणजे ओकुमा गुरुजी. वाकलेला, लांब दाढीचा, खडूस म्हातारा. त्यानं पोराला ना पुस्तक दिलं, ना पाटी. दोन महिने नुसतं नदीचं पाणी डोंगरावर वाहायला लावलं. पोरगा रडला, पळून गेला, माघारी आला, आणि एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की पाणी वाहता वाहता आपण लढायला शिकलो. बाबांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आयुष्यभर पाणी त्यांनीही वाहिलं होतं, पण हे पाणी वाहणं म्हणजे शिकणं आहे, असं सांगणारं त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

असा हा गुरुजी एका बुधवारी, चार वाजून वीस मिनिटांनी, शिष्यावर पडणारी वीज स्वतःच्या अंगावर घेऊन कड्यावरून खाली गेला.

बाबांनी डोळे पुसले. बयाबाईंनी लसूण बाजूला ठेवला. आता पोरगा काय करतो, म्हणून दोघं बघत होती. तर पोरानं काय करावं? एकदा आभाळाकडं बघून आरोळी ठोकली आणि तसाच, त्याच कपड्यांत, बदला घ्यायला निघाला!

"अंघोळ?" बाबा ओरडले. "अरे अंघोळ तरी कर! सुतक पाळ!"

गुरुवारी तो डोंगर चढला. शुक्रवारी त्यानं हॉटेलात दहा वाडगे शेवया खाल्ल्या. बाबांचा नुसता भडका उडाला. गुरू म्हणजे बापाच्या जागी. बाप मेल्यावर तिसऱ्या दिवशी हॉटेलात? या पोराला कुणी सांगणारं नाही, म्हणून काय म्हाताऱ्यानं तसंच ताटकळत राहायचं? नाशकासारखं क्षेत्र, रामकुंड हाकेच्या अंतरावर, जगभरातले लोक इथं येऊन आपली माणसं मार्गी लावतात. बाबांनी बोटं मोजली. बुधवारपासून दहावा शुक्रवारी येत होता.

आणि दोनच दिवसांनी, रविवारी, रोशनीची सुपारी होती. घोटीच्या खंडेरावांचा नातू, शेखर. भातगिरणीवाले लोक, रीतभात पाळणारे. रोशनीनं चार स्थळं नाकारून हे एक पसंत केलं होतं, म्हणून घरात सगळे जपून पावलं टाकत होते. पण शुक्रवार आणि रविवार यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं बाबांना वाटलं नाही.

रामकुंडावर भटजींनी विचारलं, "मयताचं नाव?"

"ओकुमा."

"गोत्र?"

"नाय ठाऊक. लांबचे होते."

"ठाऊक नसेल तर कश्यप," भटजी म्हणाले. त्यांना दुपारपर्यंत अजून बरेच दहावे होते.

न्हाव्यानं बाबांची टोपी काढून पाहिली. "डोकं तर देवानंच करून ठेवलंय. मिशी काढू?"

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. चाळीस वर्षांची झुपकेदार मिशी. पण गुरू बापाच्या जागी, हे म्हणणारे तेच. "काढ," ते म्हणाले.

पिंड मांडला. रामकुंडावरचे कावळे म्हणजे एरवी पाव्हण्यांसारखे, ताट दिसलं की हजर. पण त्या दिवशी एकही कावळा शिवेना. "काही इच्छा राहिली असेल," भटजी म्हणाले. बाबांनी हात जोडले, "तुमच्या पोराला जिंकवतो." कावळा हलला नाही. "त्याला रोज अंघोळ करायला लावतो." कावळ्यानं मान फिरवली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि बाबा तसेच, ओठावर हात फिरवत, खिन्न बसून राहिले.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. घोटीचा मोतीराम! खंडेरावांचा चुलतभाऊ, हे स्थळ जमवणारा मध्यस्थ. कुणाच्या तरी दहाव्याला आला होता. त्यानं बाबांचा ओठ पाहिला, पिंड पाहिला, आणि हळूच विचारलं, "कोण?"

बाबांना खोटं बोलता येत नसे. "गुरुजी," ते म्हणाले.

"कधी?"

"मागल्या बुधवारी. चार वाजून वीस मिनिटं."

"कुठं?"

"घरातच. मी अन् बयाबाई समोरच बसलेलो. डोळ्यांदेखत गेले."

"अरेरे. मग गोरक्ष नाही आला?"

"त्याला सांगितलंच नाय. त्याला त्या म्हाताऱ्याचं काय?"

मोतीरामचा चेहरा बदलला. दहाव्यावरून निघताना निरोप घेत नाहीत. तोही न बोलता निघून गेला. केवढा समजूतदार माणूस, असं बाबांना वाटलं.

घरी मिशीवरून जे झालं ते मी सांगत बसत नाही. बयाबाईंनी कपाळाला हात लावला तो तासभर काढला नाही. गोरक्ष म्हणाला, "बाबा, रविवारी टीव्ही बंद. अन् पाव्हणे असेपर्यंत तोंडावर उपरणं धरून बसा, दाढ दुखते म्हणून सांगू." मोतीराम भेटल्याचं बाबा सांगणार होते, पण त्यांना कुणी बोलूच दिलं नाही.

रविवार उजाडला. दाराला तोरण, अंगणात रांगोळी, टेपवर सनई. पावणेचारला घोटीची जीप आली. संध्या ओवाळायचं ताट घेऊन पुढं झाली आणि तिथंच थिजली.

जीपमधून उतरलेल्या बायकांच्या अंगावर जुनी, विटकी लुगडी. पुरुषांच्या हातात नारळ नाही, साडी नाही. खंडेरावांच्या हातात होती पांढरी टोपी आणि टॉवेल. दुखवट्याचे कपडे. शेखरची आजी सावित्रीबाई तोरणाखाली आली, डोक्यावर पदर ओढला आणि तिनं गळा काढला, "कसं सोडून गेला रं बाबाऽऽ!"

टेपवर सनई चालूच होती.

"अहो आजी, काय झालं?" गोरक्ष ओरडला. "कोण गेलं?"

"ते आम्हालाच विचारता?" खंडेराव कडाडले. "मयत झाकून सुपारी उरकायला निघालात? आम्ही काय रस्त्यावर पडलेले लोक हावोत? मोतीरामनं डोळ्यांनी दहावा पाहिला! बुधवारी, चार वीसला, तुमच्याच घरात माणूस गेलं!"

चार वीस म्हटल्यावर बयाबाईंना सगळं कळलं. "अगं बया," त्या मटकन खाली बसल्या. "ते होय! अहो पाव्हणं, ते माणूस नाय. ते चित्र हाय, टीव्हीतलं!"

"चित्र मेलं म्हणून कोण मिशी काढतं?" मोतीराम म्हणाला.

सगळ्यांच्या माना पुंजाबाबांकडे वळल्या. उपरणं केव्हाच खाली घसरलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात रोशनी उभी होती, नवी साडी नेसून. जीपजवळ शेखर मान खाली घालून उभा होता. खंडेरावांनी दारात काढलेल्या वहाणा पुन्हा पायात सरकवल्या. ते एकदा निघाले की पोरीचं ठरलेलं मोडणार, एवढं बाबांना कळत होतं. पण आता आपल्याला कोण खरं धरणार?

तेवढ्यात रोशनीच पुढं आली. "थांबा," ती म्हणाली, "आजोबा खोटं बोलत नाहीत. चार वाजलेत. तुम्हीच बघा." आणि तिनं टीव्ही लावला.

अंगणात होते तेवढे सगळे दारात गोळा झाले. निळ्या केसांचा पोरगा रक्तबंबाळ होऊन पडलेला. दुश्मन त्याच्या छातीवर पाय देऊन आपलं लहानपण सांगत होता. इतक्यात मागच्या धबधब्याचं पाणी दुभंगलं आणि आतून, दाढी झटकत, काठी टेकत, कोण बाहेर यावं?

सावित्रीबाईंनी नाक पुसलं. "गेला तो हाच का?"

"हाच," बाबा म्हणाले.

"चांगला धडधाकट हाय की."

आणि मग पुंजाबाबा उठले. आयुष्यात कधी व्याह्यांसमोर आवाज न चढवलेला माणूस टीव्हीसमोर उभा राहून ओरडू लागला. "अरे मेला होतास ना तू? मी डोळ्यांनी पाहिलं! वीज पडली, कड्यावरून गेला, पोरगं बोंबललं! अकरा दिवस कुठं होतास? धबधब्यात? एक निरोप नाय धाडता आला? माझी चाळीस वर्षांची मिशी गेली, नातीची सुपारी मोडायला आली, अन् तू दाढी झटकतो! तरीच म्हटलं कावळा का शिवंना! जनावराला कळलं ते मला..."

"ओ पाव्हणं," सावित्रीबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा. तो म्हातारा काय बोलतोय ते ऐकू द्या."

बाबा बाजूला झाले. सावित्रीबाई पुढं येऊन बसल्या. त्यांच्यामागं बाकीच्या बायका बसल्या. "हे पोरगं कुणाचं? आई नाय का त्याला?" त्यांनी विचारलं, आणि बाबांनी, राग गिळत, पहिल्यापासून सांगायला घेतलं. पाणी वाहायचं सांगितलं तेव्हा खंडेरावांनी वहाणा काढल्या. "बरोबर हाय," ते म्हणाले, "आमच्या गिरणीवर बापानं मला वर्षभर नुसती पोतीच उचलायला लावली होती." पोरगा सातव्यांदा पडला आणि खंडेराव ओरडले, "ऊठ रं!" पोरगा उठला. विटक्या लुगड्यांतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

साडेचारला टीव्ही बंद झाला. मग सावित्रीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "परक्या मुलखातल्या म्हाताऱ्याला जो पाणी देतो, तो सख्ख्याला उपाशी ठेवायचा नाय. सुपारी फोडा."

"पण आम्ही काहीच आणलं नाय," खंडेराव चाचरले. "नुसते दुखवट्याचे कपडे."

"मग तेच घाला. दुखवट्याचं आणलेलं माघारी न्यायचं नसतं."

नारळ-सुपारी घरची वापरली. साडी संध्याच्या कपाटातली. आणि मानाचा आहेर म्हणून व्याह्यांनी पुंजाबाबांच्या डोक्यावर ती पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. गोरक्षनं ठरवलेल्या फोटोग्राफरनं त्याच क्षणी फोटो काढला. सुपारी फुटली, शेखर आणि रोशनी चोरून हसली, बायकांनी विटके पदर सावरत एकमेकींना हळदीकुंकू लावलं.

रोशनीचं चांगलं चाललंय. अल्बम अजून आहे. कुणी नवं माणूस घरी आलं की बयाबाई तो काढतात. सुपारीच्या पानावर आलं की पाहुणे थबकतात. मधोमध बिनमिशीचे पुंजाबाबा, डोक्याला दुखवट्याची टोपी, खांद्यावर टॉवेल, तोंड पाडून बसलेले, मागं विटक्या लुगड्यांतल्या बायका. पाहुणे आवाज खाली आणून विचारतात, "कोण गेलं होतं हो?"

"यांची अक्कल," बयाबाई पान उलटत सांगतात. "तो जपानी म्हातारा अकरा दिवसांत माघारी आला. हिची आम्ही अजून वाट बघतोय."