बसून न पाहिलेली खुर्ची

हेडक्लार्कना ऑफिसात सगळे चौकशीसाहेब म्हणत, कारण साधी छत्री घ्यायची तरी ते पंधरा दिवस चौकशी करत. त्यामुळे कंबर धरली म्हणून आरामखुर्ची घ्यायचं ठरल्यावर त्यात चार महिने गेले, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. दोनशे पानी वही भरली. फोमची जाडी, पाठीचा कोन, लोकांचे अभिप्राय (चांगले निळ्या शाईत, वाईट लाल). मेहुणा म्हणाला, भावोजी, दुकानात जाऊन एकदा बसून तर बघा. बसून काय कोणीही बघतं, असं म्हणून साहेबांनी त्याला उडवून लावलं आणि खुर्ची घरबसल्या मागवली.

खुर्ची आली. साहेब बसले. पाचव्या मिनिटाला कंबरेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. पण चार महिन्यांच्या वहीपुढे सांगणार कोणत्या तोंडाने? बायको समोरच उभी होती. साहेब म्हणाले, "वा!"

त्यानंतर रोज तेच. ऑफिसातून दमून यायचं, बायकोच्या देखत नव्या खुर्चीत बसायचं आणि ती स्वयंपाकघरात गेली की बाथरूममधल्या स्टुलावर जाऊन टेकायचं. जुनी लाकडी खुर्ची बायकोने बाल्कनीत नेऊन बळकावली होती. त्या खुर्चीकडे पाहून साहेबांचा जीव तुटायचा. नवी खुर्ची परत करायला दहा दिवसांची मुदत होती (वहीचं पहिलं पान). उद्या सांगू, उद्या सांगू, करता करता दहावा दिवस उजाडला, आणि नेमका मेहुणा येऊन टपकला. खुर्चीभोवती फिरून तो कशी आहे म्हणून विचारणार, एवढ्यात कंपनीतल्या बाईंचा फोन आला.

खुर्चीबद्दल समाधानी आहात का, त्यांनी विचारलं. मेहुण्याने कान टवकारले. एक 'नाही' म्हटलं की कंबर सुटणार होती. साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं.

"पूर्ण समाधानी. दहापैकी दहा. मला पाठ आहे हेच विसरलोय मी."

"मग परत नाही ना द्यायची, सर?"

"छे! प्रश्नच नाही."

मेहुण्याचा चेहरा पडला. दहा दिवसांत पहिल्यांदाच साहेबांना बरं वाटलं. बाल्कनीतून बायकोने कोणाचा फोन म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं रंगवून सांगितलं.

ती म्हणाली, "अहो, परत न्या म्हणून मीच कळवलं होतं त्यांना काल. रोज सकाळी कण्हता, ते मला ऐकू येत नाही होय? आणि त्या स्टुलाचा पायही मोडलाय."

साहेब उठून बाल्कनीत धावले (धावले म्हणजे कंबर धरून चालले). खाली खुर्ची न्यायला आलेला कंपनीचा टेम्पो वळत होता. त्यांनी हात हलवला. ड्रायव्हरला वाटलं, समाधानी गिऱ्हाईक निरोप देतंय. त्यानेही हात हलवला आणि निघून गेला.

बायको जुन्या खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

"उभे का? बसा ना आत जाऊन," ती म्हणाली. "दहापैकी दहाची आहे."