साळवेकाकांची चौथी भाकरी

आमचे शेजारी साळवेकाका भाकरी तव्यावर टाकण्याआधी व्हर्निअर कॅलिपरने मोजत. कडेला चार ठिकाणी चिमटा, आणि मध्यभागी कॅलिपरची खोली मोजायची मागची बारीक दांडी टोचून एकदा. कॅलिपर इतका जुना की जबडे मिटले तरी शून्य शून्यावर येत नसे. तेवढा फरक काका प्रत्येक भाकरीतून इमानाने वजा करत.

ही नव्वदच्या दशकात सुरू झालेली, नगरच्या सावेडीतली गोष्ट. काका मूळचे देवळाली प्रवराचे. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आणि निवृत्त झाले ते मोजायची खोड सोबत घेऊनच. काकू गेल्यावर चूलही त्यांच्याकडे आली. माझी आई दवाखान्यात नर्स, तिच्या पाळ्यांचा काही भरवसा नसे. त्यामुळे मी पाचवीत असल्यापासून दुपारी घरी आले की काका ताटली घेऊन दारात उभे. ताटलीत टम्म फुगलेली एक भाकरी. "बघ, बघ, बसायच्या आत बघ!" मी "वा!" म्हटलं की ते निघून जात.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "जे करायचं ते परातीत. तव्यावर गेल्यावर हात चालत न्हाई." हे ते माझ्या प्रवेशअर्जाला लावत, आईच्या शिवणाला लावत, आणि गल्लीत वाकड्या बांधलेल्या गटाराला तर रोज लावत. मला त्या वाक्याचा अगदी वीट आला होता.

एम.एस्सी. झाल्यावर मी सतरा ठिकाणी अर्ज केले. मुलाखतीचं बोलावणं एकच आलं, तेही इलेक्ट्रॉनांना वेग देणारं यंत्र उभारणाऱ्या एका दूरच्या संस्थेचं. ते हुकलं तर घरी शिकवण्या घेत बसायचं होतं. त्या यंत्रात धातूच्या चकतीवर क्षणभर लेसरचा उजेड टाकतात, त्याने इलेक्ट्रॉनांचा पुंजका सुटतो आणि तो पुढे पळवतात. पण उजेडाच्या ठिपक्याच्या आकारावर सगळ्यांचा एवढा जीव का, ते माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी रडकुंडीला येऊन मी काकांकडे गेले. ते भाकरी थापत होते.

"ठिपका मधी उजळ आन् कडंला फिका आसला, तर काय हुतं?" त्यांनी विचारलं.

"मधे इलेक्ट्रॉन जास्त सुटतात. ते एकमेकांना ढकलतात, मग पुंजका वेडावाकडा पसरतो."

"मंजी मधी जाड, कडंला पातळ. कड करपती, मधी कच्ची ऱ्हाती. आन् एकसारखा आसला तर?"

"तर सगळीकडून सारखा फुगेल," मी म्हटलं, आणि माझं मलाच उजाडलं. "सारखा फुगलेला पुंजका चुंबकांनी परत गोळा करता येतो. पण सुटतानाच बिघडला, तर पुढे..."

"हात चालत न्हाई," काका म्हणाले.

मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला. घाईत माझ्या तोंडून 'भाकरी' निघून गेली. समोरचे तिघे आधी हसले, मग त्यांनी मला ते फळ्यावर काढून दाखवायला लावलं. नोकरी मिळाली.

निघायच्या दिवशी पेढे घेऊन मी न सांगताच काकांच्या घरात शिरले. ते जेवायला बसले होते. ताटात तीन भाकऱ्या, तिन्ही चपट्या, प्रत्येकीच्या मध्यभागी भोक.

"काका, तुमच्या दांडीनेच भोक पडतंय! वाफ निघून जाते. फुगणार कशी?"

"ते मला कळत न्हाई व्हय?" काका हसले. "तीन मोजायच्या, हात बसवायचा. चौथी न मोजता थापायची. ती तुजी."

इतकी वर्षं मी रोज चौथी खात आले होते. मला रडू आवरेना. "एखादी तरी स्वतः खायची ना!"

"एकट्याला कशीबी चालती गं. फुगलेली कुनाला तरी दावायची आसती." मग पेढ्याकडे बघत म्हणाले, "आता उद्यापास्नं तीनच."

वर्षभराने यंत्रावर माझा ठिपका पहिल्यांदा कडेपर्यंत एकसारखा उमटला. त्याचा छापील कागद मी सगळ्यांत आधी साळवेकाकांना पाठवला. आज मी जी काही आहे ती त्यांच्या परातीतली, हे लिहायला मला लाज वाटली नाही. खाली एवढंच जोडलं, "बघा, बसायच्या आत बघा."

आठवड्याने पोस्टकार्ड आलं. सुवाच्य अक्षरात तीनच ओळी होत्या.

"ठिपका मिळाला.
मोजला नाही.
वा!"