तीनशे पन्नास सोंडे बेपत्ता

रोशनी खोब्रागडेनं वसतिगृहाच्या खोलीत महिनाभर जपून वाढवलेले पन्नास सोंडे आलापल्लीजवळच्या एका पडवीतून नाहीसे झाले होते, आणि तिची पीएचडीही त्यांच्यामागोमाग निघण्याच्या बेतात होती.

सोंडे म्हणजे तांदळात पडणारे ते बारीक काळे किडे. सारं जग त्यांना घालवायला धडपडतं, ही बाई त्यांना बरणीत पोसत होती. त्याला कारणही होतं. चंद्रपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिनं उन्हावर चालणारी स्टीलची कोठी बनवली होती. आतला पंखा गरम हवा फिरवायचा आणि त्या हवेत किडे टिकत नाहीत, असा तिचा दावा होता. दावा सिद्ध करायचा तर तुलना हवी. म्हणून बुधरीबाई आत्राम यांच्या पडवीत एकीकडे ही कोठी आणि दुसरीकडे गावात धान्य साठवतात ती शेणानं सारवलेली बांबूची ढोली ठेवली. दोन्हींत वीस-वीस किलो तांदूळ भरला आणि बुधरीबाईंच्या डोळ्यांदेखत पन्नास-पन्नास सोंडे सोडले. कोठीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'हात लावू नये'. ढोलीवर काही लिहिण्याची गरज तिला वाटली नाही.

"बाई, ही ढोली तुम्ही घरी ठेवता तशीच ठेवा," एवढंच ती म्हणाली.

"एवढंच ना? ठेवतो ना पोरी," बुधरीबाई म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी मोजणी झाली. कोठीत नऊ सोंडे जिवंत होते. पन्नासातले नऊ म्हणजे यश दारात उभं होतं. मग रोशनीनं ढोली चाळली. एकही सोंडा नाही. पुन्हा चाळली, तरी नाही. तांदूळ असा पांढराशुभ्र की लग्नाच्या अक्षता कराव्यात.

तिचे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख अश्वजित सर फोनवर म्हणाले, "मोजण्यात चूक झाली असेल."

"सर, शून्य मोजण्यात काय चूक होणार?"

नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झालेली होती. चार महिन्यांत प्रबंध दिला नाही, तर पाच वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं. म्हणून पुढच्या खेपेला रोशनीनं शंभर सोंडे सोडले. ढोलीत शून्य. त्यापुढं दोनशे सोडले. तेवढे वाढवता वाढवता खोलीतली मैत्रीण गादी गुंडाळून दुसऱ्या खोलीत राहायला गेली. ढोलीत पुन्हा शून्यच. रोशनीची झोप उडाली. ढोलीचा बांबू विषारी आहे की काय, म्हणून तिनं त्याचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून पाहिला. बांबू निर्दोष निघाला. या सगळ्यात एकच गोष्ट तिच्या ध्यानात यायला हवी होती ती आली नाही. ती अंगणात पाऊल टाकायची, तेव्हा बुधरीबाईंच्या कोंबड्या तिच्या बरणीमागं धावत सुटायच्या.

अशात तज्ज्ञ समितीच्या सरिता मॅडम प्रत्यक्ष पाहणीला आल्या. सोबत अश्वजित सर होते. बुधरीबाईंनी अंगण सारवून ठेवलं होतं आणि त्या नवं लुगडं नेसून उभ्या होत्या.

"तपासाले आले ना तुमी? घ्या, तपासा," त्या म्हणाल्या.

मॅडमनी ढोलीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर तांदूळ उन्हात धरला आणि चष्मा वर केला. "बाई, या तांदळाला तुम्ही काही करता का हो?"

"करतो ना! रोज उन्हात टाकतो, सुपानं पाखडतो, निंबाचा पाला घालतो. ही येते त्या दिवशी तेवढा पाला काढून ठेवतो. पाहुण्याले कचरा काऊन दाखवाचा?"

रोशनी मध्येच ओरडली. "बाई! मी म्हटलं होतं ना, घरी ठेवता तशीच ठेवा!"

"मंग तशीच ठेवली! आमी घरी सोंडे ठेवतो का ओ?"

"पण मी स्वतः टाकताना तुम्ही पाहिलं होतं ना?"

"पाह्यलं ना. गेल्या साली ते स्वच्छतेवाले आले, घराघराले मार्क देऊन गेले. बाजूचं गाव पयलं आलं. मले वाटलं, ही पोरगीबी तशीच परीक्षा घेऊन राह्यली. पन्नास टाकले, मी पन्नास काढले. शंभर टाकले, शंभर काढले. दोनशे टाकले तवा मातर शेजारच्या ललिताले बलवा लागलं."

"आणि काढलेले?"

बुधरीबाईंनी कोंबड्यांकडे बोट दाखवलं. कोंबड्या चांगल्या गुबगुबीत झाल्या होत्या. "कोठीले मातर बोट नाई लावलं मी. तू झाकण उघडे तवा आतमंदी किडे फिरत, पाहून जीव तुटे. पण तू लिवून ठेवलं होतं ना."

सरिता मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. रोशनीच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते वेगळं होतं. पीएचडीची धास्ती होतीच, पण लाज जास्त वाटत होती. गावातलं धान्य म्हणजे कोणी लक्ष न दिलेलं धान्य, हे तिनं कुणालाही न विचारता धरून चाललं होतं.

"बाईंचं शून्य प्रबंधात वेगळ्या रकान्यात लिहायचं. झाकायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "कोठी चांगलीच आहे, पण कशापेक्षा चांगली? कोणीच हात न लावलेलं धान्य हवं. असं एक घर शोध. समितीकडून तीन महिने वाढवून मिळतील."

बुधरीबाईंनी तिथल्या तिथं कुंपणावरून हाक दिली. "ललिता! तांदळात सोंडे ठेवशील का ओ, तीन महिने?"

"माह्या घरी?" पलीकडून ललिता कडाडली. "पोरीचं लगन व्हाचं हाय माह्या! पाहुणे येऊन डब्बा उघडतीन तं?"

तिसऱ्या घरचा इसरू म्हणाला की बायको घराबाहेर काढेल. चौथ्या घरी तर बुधरीबाईंनाच चार शब्द ऐकावे लागले. अख्ख्या गावात धान्य वाऱ्यावर सोडायला एक माणूस तयार होईना. रोशनी वही मिटून ओट्यावर बसली.

तेव्हा अश्वजित सर खाकरले. त्यांच्या पत्नी नागपूरला बँकेत होत्या. गेली तीन वर्षं सर चंद्रपूरला एकटेच राहत आणि कॉलेजच्या मेसमध्ये जेवत.

"माझ्या घरी तांदळाचं एक पोतं आहे," सर बुटांकडे पाहत म्हणाले. "मागच्या दिवाळीपासून... म्हणजे, कोणी उघडलेलं नाही."

पुढच्या रविवारी रोशनी सोंड्यांची बरणी घेऊन सरांच्या घरी गेली. पोत्याचं तोंड सोडलं आणि बरणीचं झाकण तिनं तसंच बंद ठेवलं. नव्यानं सोडायची गरजच नव्हती, आत आधीच वसाहत नांदत होती. अर्ध्या किलोतच दोनशे बारा भरले. असा आकडा तिनं स्वप्नातही मागितला नसता. आनंदाच्या भरात तिनं तिथूनच बुधरीबाईंना फोन लावला.

"बाई, दोनशे बारा!"

पलीकडून बुधरीबाईंचा आवाज आला, अगदी कळवळलेला. "बापा! त्या लेकराले जेवाले कोण देते ओ? त्याले म्हण, दर आयतवारी इथी येत जा. कोंबडी कापतो मी."

रोशनीनं फोन ठेवून वर पाहिलं. बावन्न वर्षांचे विभागप्रमुख दोन कप चहा घेऊन दारात उभे होते.

"काय म्हणतात बुधरीबाई?"

रोशनीनं वहीत दोनशे बारा लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. "जेवायला बोलावलंय, सर. दर रविवारी."

सरांनी एकदा पोत्याकडे पाहिलं आणि चहा खाली ठेवला. "आलापल्लीची गाडी किती वाजता आहे?"